हळू धावण्याची लाज : मॅरेथॉनच्या तयारीविषयी वाचकांचे प्रश्न

मॅरेथॉनच्या सरावाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन जवळ येत असल्याने बहुतेक पत्रे तिच्याच तयारीविषयी आहेत. जागेअभावी त्यांतील सहा पत्रे येथे संक्षेपाने घेतली असून पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून बँकेत नोकरी करतो. तीन हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत आणि येत्या जानेवारीत प्रथमच पूर्ण ४२ किलोमीटर धावणार आहे. साडेचार तासांत शर्यत संपवावी, अशी इच्छा आहे. आमच्या ग्रुपमध्ये दर रविवारी सगळे शर्यतीच्याच वेगाने धावतात. मागे पडलो की लाज वाटते, म्हणून मी कसाबसा त्यांच्याबरोबर राहतो. सोमवार-मंगळवारी पाय जड असतात आणि गेल्या महिन्यापासून वेग वाढण्याऐवजी कमी होत आहे. सराव वाढवावा का? (ठाणे)

उत्तर : सराव वाढवू नका, रविवारचा वेग कमी करा. तुमचे पत्र मी पहिले घेतले, कारण या वेळी आलेल्या निम्म्याअधिक पत्रांमागे हीच अडचण आहे, आणि ती पायांत किंवा फुप्फुसांत नसून हळू धावण्याच्या लाजेत आहे.

साडेचार तासांत ४२.१९५ किलोमीटर म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे २४ सेकंद. रविवारची लांब धाव या वेगाने करायची नसते. तुमच्यासाठी ती किलोमीटरला सात ते साडेसात मिनिटांच्या वेगाने व्हायला हवी, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याहूनही सावकाश झाली तरी काही बिघडत नाही. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, शेजारी धावणाऱ्याला घरातली एखादी गोष्ट न थांबता, पूर्ण वाक्यांत सांगता आली पाहिजे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो वेग लांब धावेचा नव्हे.

अशा सावकाश धावण्यात स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते आणि चरबीपासून ऊर्जा मिळवण्याची शरीराची सवय पक्की होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडे आणि स्नायुबंध यांना तेवढेच बळकट व्हायला महिनोन्महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस वेग वाढवतो आणि नडगी किंवा टाच बोलू लागते, ती याच तफावतीमुळे.

तुमच्या ग्रुपला सांगता येईल असे एक उदाहरण देतो. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने २०२२ मध्ये बर्लिन येथे २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली, म्हणजे प्रत्येक किलोमीटर सुमारे २ मिनिटे ५२ सेकंदांत. केनियातील काप्तागात येथे, सुमारे २४०० मीटर उंचीवर, तो ज्या शिबिरात सराव करीत आला आहे, तेथे आठवड्याला सुमारे २०० किलोमीटर धावणे होते. त्यातील बहुतांश अंतर हे धावपटू शर्यतीच्या वेगापेक्षा कितीतरी सावकाश कापतात. सकाळच्या सोप्या धावेची सुरुवात तर इतकी संथ असते की एखाद्या हौशी धावपटूलाही पहिला किलोमीटर त्यांच्याबरोबर राहता येईल. अव्वल धावपटूंचे २०० किलोमीटर आपल्याला झेपणार नाहीत आणि त्यांचा वेग तर नाहीच नाही. उचलण्यासारखे काही असेल तर ते हेच की, सोप्या दिवशी ते खरोखरच सोपे धावतात आणि दुपारी झोपतात. आपण मात्र नेमके उलटे करतो. सोपा दिवस मध्यम कठीण करून टाकतो आणि उरलेला वेळ लोकल गाडीत उभे राहून काढतो.

तुमच्या आठवड्यात चार दिवस धावणे पुरेसे आहे. मंगळवारी आठ-दहा किलोमीटर अगदी सोपे. गुरुवारी दोन-तीन किलोमीटर अंग मोकळे करून मग पाच ते आठ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. शनिवारी पाच-सहा किलोमीटर सोपे आणि रविवारी लांब धाव. लांब धाव दर आठवड्याला थोडी वाढवून चौथ्या आठवड्यात कमी करावी, आणि शर्यतीपूर्वी ३० ते ३२ किलोमीटरची धाव दोन किंवा फार तर तीन वेळा व्हावी. त्याहून लांब चाललेल्या सरावाने फायद्यापेक्षा झीजच अधिक होते. पूर्ण ४२ किलोमीटर सरावात धावून पाहण्याचा मोह टाळावा. तुमचे वय लक्षात घेता रक्तदाब, रक्तशर्करा आणि ईसीजी एकदा तपासून घ्या. धावताना छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच थांबायचे.

आमच्याकडे सरावाला येणाऱ्या एका गृहस्थांचे असेच झाले होते. सांगून उपयोग होईना, तेव्हा गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या घड्याळाच्या काचेवर पांढरी चिकटपट्टी लावली. घड्याळ नोंद करीत राहायचे, पण आकडा घरी गेल्यावर पट्टी सोलल्याशिवाय दिसायचा नाही. पहिल्या रविवारी ते दर मिनिटाला सवयीने मनगट वर करीत आणि पुन्हा खाली घेत होते. सहाव्या रविवारी त्यांनी मनगटाकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि २६ किलोमीटर झाल्यावर ते जिना धरून नव्हे, नेहमीसारखे चढून घरी गेले. एवढा एक उपाय करून पाहा.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. सकाळी उपाशीपोटी धावण्याची सवय आहे. गेल्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये ३१ व्या किलोमीटरला पाय एकाएकी संपले आणि उरलेले अंतर चालत पूर्ण केले. धावताना खायचे साखरेचे तयार जेल घेणे परवडत नाही आणि सोसतही नाही. घरच्या अन्नावर मॅरेथॉन होऊ शकते का? (सोलापूर)

उत्तर : निश्चित होऊ शकते. आधी ३१ व्या किलोमीटरला काय झाले ते समजून घेऊ. एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी सुमारे २७०० किलोकॅलरी लागतात. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर मात्र सुमारे १६०० ते २००० किलोकॅलरींचीच असते. चरबीचा साठा मोठा असला तरी तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. त्यामुळे ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान साखर संपते आणि माणूस भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. ही भिंत मनाच्या दुबळेपणाची नसते, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. जो सुरुवातीला वेगाने धावतो त्याची साखर अधिक लवकर जळते, एवढी पुस्ती मात्र येथे जोडली पाहिजे.

यावर उपाय म्हणजे साठा भरून निघायचे आणि वाटेत भर घालत राहायचे. साठा भरणे याचा अर्थ आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर जेवणे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक शेवटचे दीड-दोन दिवस दर किलो वजनामागे ८ ते १० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, म्हणजे तुम्हाला दिवसाला ५०० ग्रॅमच्या वर. नेहमीच्या ताटात हे बसत नाही. म्हणून त्या दोन दिवसांत भात वाढवावा, उसळ आणि कोशिंबीर कमी करावी, तेल-तूप आवरते घ्यावे आणि मधल्या वेळी केळी, गूळ-पोळी, उकडलेला बटाटा, साबुदाण्याची खीर, खजूर असे काही घ्यावे. दाण्याचे भरपूर कूट घातलेली खिचडी त्या दोन दिवसांत नको, कारण ती जड पडते. वजन एखाद-दीड किलो वाढेल. ती वाढ साखरेबरोबर साठलेल्या पाण्याची असते.

शर्यतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हवीत. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात आणि चहाच्या सपाट चमचाभर साखरेत ४ ग्रॅम. लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले सरबत छोट्या बाटलीत, गुळाचे सुपारीएवढे खडे आणि बी काढलेला खजूर कमरेच्या पट्ट्यात एवढे सामान पुरे आहे. पहिला घास भूक लागल्यावर नव्हे, पहिल्या ४०-४५ मिनिटांतच घ्यावा. मुख्य म्हणजे हे सगळे रविवारच्या लांब धावेत महिनाभर करून पाहिलेले असावे, कारण धावताना पचवण्याचीही सवय लागावी लागते. उपाशीपोटी धावण्याची हौस आठवड्यातील छोट्या धावेपुरती ठेवा.

पाण्याबाबत दोन्हीकडची चूक होते. तहान मारून धावणे वाईटच, पण शर्यतीच्या वाटेवरील पाण्याच्या प्रत्येक टेबलावर भरपूर पाणी पिऊन रक्तातील सोडियम घसरणे अधिक धोक्याचे आहे आणि ते बहुधा सावकाश धावणाऱ्यांच्या बाबतीत घडते. लांब धावेच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, हा हिशेब धरून आपले माप ठरवा. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात.

प्रश्न : वय ३४, दोन वर्षांपासून नियमित धावते. गेल्या चार महिन्यांत वजन सहा किलोंनी कमी केले, सगळ्यांनी कौतुक केले. पण आता त्याच वेगाला नाडीचे ठोके जास्त पडतात, जिना चढताना धाप लागते. मासिक पाळी तीन महिने आलेली नाही. खेळाडूंमध्ये असे चालतेच, असे मैत्रिणी म्हणतात. डाव्या नडगीवर एका जागी दुखते. मुंबईची फुल मॅरेथॉन धावू का? (कोल्हापूर)

उत्तर : ताई, सध्या धावणे थांबवा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. पाळी बंद होणे हे चांगल्या खेळाडूचे लक्षण आहे, हा समज कित्येक वर्षे मुलींचे नुकसान करीत आला आहे. गर्भधारणा नाही ना, थायरॉइडचा त्रास नाही ना, हे आधी पाहावे लागेल. तशी कारणे नसतील, तर खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने पोटात फार कमी अन्न जात आहे, असा याचा अर्थ असू शकतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधले. या अवस्थेत शरीर काटकसर करू लागते आणि पहिली कात्री पाळीवर लावते. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

म्हणूनच नडगीच्या दुखण्याची मला अधिक काळजी वाटते. नडगीच्या लांबवर पसरलेले, धावू लागल्यावर कमी होणारे दुखणे निराळे. बोटाच्या टोकाने दाबल्यावर हाडाच्या एकाच बिंदूवर कळ येत असेल, त्या पायावर एक उडी मारताना दुखत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असण्याची शक्यता धरून चालावे. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा धावायला सुरुवात करू नका आणि एमआरआयविषयी डॉक्टरांना विचारा.

धाप आणि वाढलेले ठोके यांसाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा रिकामा होत आलेला असू शकतो आणि तो फेरिटिनवरूनच कळतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. त्यात धावपटूंचे लोह घामातून आणि पाय जमिनीवर आपटल्याने फुटणाऱ्या रक्तपेशींतूनही जाते. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, कारण जादा लोहही अपाय करते. जेवणाबरोबरचा चहा मात्र आजपासून बंद करा, तासाभराचे अंतर ठेवा आणि पालेभाजीवर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा.

यंदाची मॅरेथॉन सोडावी, असेच माझे स्पष्ट मत आहे. भरलेले शुल्क जाईल याचे वाईट वाटेल, पण नडगीचे हाड पूर्ण मोडले तर वर्ष जाईल. आणि वजन कमी झाल्याबद्दल ज्यांनी कौतुक केले त्यांना काही सांगायची गरज नाही, तुम्ही जेवायला लागा.

प्रश्न : मी आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझा एक माजी विद्यार्थी १९ वर्षांचा असून जवळजवळ दर रविवारी कोठे ना कोठे पाच किंवा दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या तिघांत येतो. त्या बक्षिसांवर घराला हातभार लागतो. आता तो पूर्ण मॅरेथॉनकडे वळायचे म्हणतो, कारण बक्षीस मोठे आहे. वळू द्यावे का? (नाशिक जिल्हा)

उत्तर : गुरुजी, आपल्याकडे गावच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीलाही मॅरेथॉनच म्हणतात, त्यामुळे दहा किलोमीटर जिंकणाऱ्या मुलाला ४२ किलोमीटर ही पुढची पायरी वाटते. प्रत्यक्षात मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. नियमाने १८ वर्षे पूर्ण झालेल्याला पूर्ण मॅरेथॉन धावता येते, पण परवानगी आहे म्हणून वेळ आली असे होत नाही.

मोठ्या धावपटूंचा क्रम पाहा. किपचोगेने २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या अठराव्या वर्षी, ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पहिली मॅरेथॉन तो २०१३ मध्ये हॅम्बुर्ग येथे धावला. मधली दहा वर्षे त्याने वेग कमावण्यात घालवली. तुमच्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले, आणि ऑलिम्पिकची मॅरेथॉन त्या धावल्या ती २०१६ मध्ये, तिशी ओलांडल्यावर. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांचा प्रवास तर उलट्या दिशेचा आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ पासून सलग तीन वर्षे भारतीय महिलांत पहिल्या येऊन त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, वळल्या आणि रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या. ट्रॅकवरचा वेग हाताशी असेल तर मॅरेथॉन कोठे पळून जात नाही.

दर रविवारच्या शर्यतींचा प्रश्न मात्र असा झटकून टाकता येणार नाही. घरी तांदूळ त्या पैशांतून येत असेल तर ‘शर्यती बंद कर’ असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तरीही महिन्याला चार शर्यती धावणाऱ्या मुलाचा सराव होतच नाही, कारण तो एकतर शर्यत धावत असतो किंवा तिच्यातून सावरत असतो. महिन्याला दोन शर्यती, त्याही बक्षीस पाहून निवडलेल्या, आणि उरलेल्या दोन रविवारी डोंगरवाटेवर दीड-दोन तासांची सावकाश धाव असा मध्यम मार्ग काढा. मातीच्या ट्रॅकवर आठवड्यातून एकदा १००० मीटरचे पाच-सहा फेरे, मध्ये तीन मिनिटे विसावा, एवढे केले तरी वर्षभरात त्याची दहा किलोमीटरची वेळ उतरेल. लष्कर, रेल्वे, पोलीस दल यांच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी मैदानी स्पर्धांची अधिकृत प्रमाणपत्रे लागतात आणि गावच्या शर्यतीचे स्मृतिचिन्ह तेथे चालत नाही. म्हणून जिल्हा आणि राज्य संघटनेच्या स्पर्धांत त्याची नोंदणी करा. पोटाचा प्रश्न बक्षिसापेक्षा नोकरीने अधिक खात्रीने सुटेल.

त्याला आणखी एक गोष्ट बजावून सांगा. या वयातील मुलांना कोणी तरी पावडर देतो, कोणी ‘ताकदीचे’ इंजेक्शन सुचवतो. उत्तेजकविरोधी नियमांत आपल्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो आणि ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर ग्राह्य धरले जात नाही. नाचणीची भाकरी, अंडी, दूध, शेंगदाणे आणि आठ-नऊ तासांची झोप यांवर तो जेवढा पुढे जाईल तेवढा जाऊ दे.

प्रश्न : तळव्यात कार्बनची पट्टी असलेले वीस हजारांचे बूट घेतले तर किती फरक पडेल? आणि शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेतलेली चालते का? (पुणे)

उत्तर : अशा बुटांनी अव्वल धावपटूंच्या वेळा कमी झाल्या आहेत, हे खरे आहे. पाच तासांच्या आसपास धावणाऱ्याला मिळणारा लाभ त्या मानाने अनिश्चित असतो, आणि उंच, मऊ तळव्यामुळे घोटा डळमळण्याचा त्रास मात्र होऊ शकतो. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत ऑलिम्पिक विजेता झाला आणि १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून तीन मिनिटांनी अधिक वेगवान ठरला. बूट उपयोगी आहेत, पण ते धावणाऱ्याच्या जागी धावत नाहीत. पायाला नीट बसणारा, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेला आणि किमान ८०-१०० किलोमीटर वापरलेला साधा बूट शर्यतीत घाला.

गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन चार तास घाम गाळत धावल्यास मूत्रपिंडावर ताण येतो आणि थांबण्याची सूचना देणारी वेदनाही दबते.

प्रश्न : शेवटचे तीन आठवडे सराव कमी करायला सांगतात, पण कमी केला की मला आळस येतो, अंग दुखू लागते, कमावलेले सगळे जाईल अशी भीती वाटते. शिवाय शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला वेग आवरत नाही. दोन्हींवर उपाय सांगावा. (डोंबिवली)

उत्तर : कमावलेले तीन आठवड्यांत जात नाही. साठलेला थकवा मात्र जातो आणि स्नायूंची डागडुजी पूर्ण होते. ती होत असताना अंग कुरकुरते, त्याला आजार समजू नका. शेवटची मोठी धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपवा. त्यानंतर आठवड्याचे अंतर आधी पाऊण, मग अर्ध्याच्या आसपास आणि शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून एक तृतीयांशावर आणा. धावण्याचे दिवस तेच ठेवा, फक्त अंतर छाटा. शर्यतीच्या वेगाने दोन-तीन किलोमीटर अधूनमधून धावत राहिलात तर पाय निजणार नाहीत. वाचलेल्या वेळात नवा व्यायाम सुरू करू नका, झोपा. शर्यतीच्या आदल्या रात्री बहुतेकांना झोप लागत नाही, म्हणून त्याच्या आधीच्या दोन रात्रींची झोप चुकवू नका.

सुरुवातीच्या वेगाबाबत केनियाच्या केल्विन किप्टमची शिकागो मॅरेथॉनमधील धाव लक्षात ठेवण्यासारखी आहे. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याने २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांत झाला होता. पुढच्याच फेब्रुवारीत, अवघ्या २४ व्या वर्षी, रस्ते अपघातात तो गेला याची हळहळ अजून वाटते. एवढा वेगवान माणूसही पहिल्या अर्ध्या भागात हात राखून धावला. आपल्याला दुसरा भाग अधिक वेगाने जमला नाही तरी तो पहिल्याएवढा व्हावा, हे ध्येय ठेवता येते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर पहाटे गर्दीत उभे असता थंडी असते, ढोल वाजत असतात आणि तीन आठवड्यांच्या कमी सरावाने पाय शिवशिवत असतात. त्या वेळी ठरलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद सावकाश निघा आणि पहिले पाच किलोमीटर तसेच जाऊ द्या. शेकडो लोक पुढे जातील, जाऊ द्या. मुंबईत धावलेल्यांना परतीच्या वाटेवरचा, ३५ किलोमीटरनंतर लागणारा पेडर रोडचा चढ चांगला आठवतो. तोवर ऊन वर आलेले असते, दुभाजकाला हात टेकून पोटऱ्या ताणणारे लोक दोन्ही बाजूंना दिसतात, इमारतींतून खाली उतरलेली मुले संत्र्याच्या फोडी पुढे करीत असतात. त्या चढावर पावले आखूड करा, नजर दहा-बारा पावलांवर ठेवा, घड्याळ पाहू नका आणि एक फोड घ्या. केम्प्स कॉर्नरचा उतार लागला की पुढे सपाट रस्ता आणि डावी-उजवीकडून माणसांचा आवाज आहे, राखून ठेवलेले तेथे खर्च करा.